आधी सिनेमा, मग पुस्तक : वाचन सुटलेल्या मुलांसाठी एक उलटी वाट



चौथी-पाचवीपर्यंत गोष्टीचं पुस्तक हातातून न सोडणारी मुलं सातवी-आठवीत गेली की वाचायची थांबतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. यात हुशार मुलंही असतात बरं का. चित्रांच्या गोष्टी त्यांना आता 'लहान मुलांच्या' वाटतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून झेपत नाहीत, आणि मधल्या वयासाठी शाळेच्या कपाटात थोरांची चरित्रं सोडली तर फारसं काही नसतं. मग १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. मुलं तासभर पुस्तक धरून बसतात, आपण फोटो काढून ग्रुपवर टाकतो, आणि १६ तारखेला कपाटाला पुन्हा कुलूप.

गंमत अशी, की ही मुलं गोष्टींपासून तुटलेली नसतातच. त्यांना अख्खे सिनेमे संवादांसकट पाठ असतात. मधल्या सुट्टीत कान देऊन ऐका. कोणता जादूगार कोणाला भारी, कोण कोणाचा छुपा बाप निघाला, यावर जी चर्चा चालते ती आपल्या 'कथेतील पात्रांचे स्वभावविशेष लिहा' या प्रश्नाच्या उत्तरांपेक्षा कितीतरी खोल असते. म्हणजे भूक आहे. ताट वेगळ्या ठिकाणी मांडलंय, एवढंच.

'आधी पुस्तक वाच, मग सिनेमा बघ' असं आपण नेहमी सांगतो. वाचणाऱ्या मुलासाठी ते बरोबरच आहे. पण ज्याचं वाचन सुटलंय त्याला मी उलटं सांगते : सिनेमा पाहिलास ना? मग आता पुस्तक घे.

असं का? कोणत्याही जाड कादंबरीची पहिली तीसेक पानं सगळ्यात कठीण असतात. कोण कोणाचा कोण लागतो, आपण कुठे आहोत, कोणाला लक्षात ठेवायचं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात मांडावं लागतं. ज्या मुलाची निम्मी ताकद अक्षरं जुळवण्यातच जाते, त्याच्याकडे या मांडणीसाठी काही उरत नाही. तो दहाव्या पानावर पुस्तक मिटतो आणि 'बोअर आहे' म्हणतो. सिनेमा पाहिलेल्या मुलाकडे मात्र चेहरे, जागा, नावं आधीच तयार असतात. त्याची ताकद वाक्यांसाठी मोकळी राहते.

'पण शेवट माहीत असेल तर वाचण्यात मजा काय?' हा प्रश्न हमखास येतो. अहो, रामायणाचा शेवट आपल्यापैकी कोणाला माहीत नव्हता? तरी कीर्तनाला गर्दी होतेच. आणि हीच मुलं एकच सिनेमा आठ वेळा बघतात. शेवट कळला की 'पुढे काय' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे कसं सांगितलंय' हा पुढे येतो. भाषा शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

हॅरी पॉटरच का?

नव्या पिढीत वेगळ्या मालिका असतीलही, पण वर्गात काम करायला मला आजही हॅरी पॉटरच सोयीचा वाटतो. जे. के. रोलिंग यांचं पहिलं पुस्तक १९९७ साली इंग्लंडमध्ये आलं, सातवं २००७ साली. सिनेमे २००१ ते २०११ या काळात आले, आणि ते सातांचे आठ झाले, कारण शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग केले. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांनी ते टीव्हीवर हिंदीत पाहिलेले असतात. आणि पुस्तकं मराठीत आहेत. मंजुल पब्लिशिंग हाउसने ती काढली. पहिल्याचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'.

या नावापाशीच दहा मिनिटं थांबा. मूळ नावातला दगड युरोपातल्या किमयागारांच्या कल्पनेतला आहे. अमेरिकेत पुस्तक छापताना तिथल्या प्रकाशकाने नावातला 'तत्त्वज्ञा'चा दगड बदलून 'जादूगारा'चा केला. आपल्याकडे मात्र लोखंडाचं सोनं करणारा परीस संतांच्या अभंगांपासून घराघरांत आहे. मुलांना विचारा, आपल्या परिसात आणि या परिसात फरक काय? आपला सोनं करतो. हा सोनं करतोच, शिवाय अमरत्व देणारं पेयही देतो. म्हणजे परीस आणि अमृत एकाच दगडात. शेवटी खलनायकाला यातलं काय हवं असतं, याचं उत्तर मुलं क्षणात देतात.

आणखी एक मजा. हर्मायनी हे नाव कसं उच्चारायचं, हे इंग्रजी वाचणाऱ्या असंख्य मुलांना कळत नव्हतं. चौथ्या पुस्तकात लेखिकेने तिला स्वतःचं नाव एका परदेशी मुलाला फोड करून शिकवायला लावलंय. देवनागरीत वाचणाऱ्या मुलाला ही अडचण आलीच नाही! आपल्या लिपीचं कौतुक करायला धड्यापेक्षा हा दाखला चांगला.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्या प्रकरणापासून नको. निदान मुलाच्या हातात देताना नको. सिनेमा सुरू होतो रात्रीच्या रस्त्यावर, पांढऱ्या दाढीच्या जादूगारापासून. पुस्तक मात्र सुरू होतं हॅरीच्या मावशीच्या नवऱ्यापासून, म्हणजे ड्रिल बनवणाऱ्या कंपनीतल्या डर्स्ली नावाच्या गृहस्थाच्या कंटाळवाण्या दिवसापासून. मोठ्या वाचकाला त्यातला मिश्कीलपणा कळतो. सिनेमा पाहून आलेलं मूल मात्र 'हॅरी कुठंय?' म्हणत पानं उलटतं. म्हणून पहिलं प्रकरण तुम्ही स्वतः वाचून दाखवा, आवाज काढून, नकला करून. मुलाने स्वतः वाचायला तिसरं प्रकरण द्या, पत्रांचं. पत्रं येत राहतात आणि डर्स्ली ती हॅरीच्या हाती लागू देत नाही, एवढीच गोष्ट. वाक्यं सोपी, प्रसंग सिनेमात पाहिलेला, आणि हसू येतं. एकदा ते झालं की मागचं-पुढचं मूल आपोआप वाचतं.

आता खरं काम. सिनेमा अडीच तासांचा आहे. तेच पुस्तक इंग्रजीत मोठ्याने वाचलेलं ऐकायचं म्हटलं तर आठ-नऊ तास लागतात. मग मधले सहा तास गेले कुठे? वर्गात मी हाच प्रश्न फळ्यावर लिहिते. मुलांनी पुस्तकात ते सहा तास शोधायचे.

सगळ्यात मोठा ऐवज सापडतो सोळाव्या प्रकरणात. परिसाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या अडथळ्यांत स्नेप सरांचा एक आहे, आणि त्यात जादू अजिबात नाही, निव्वळ तर्क आहे. एका ओळीत सात बाटल्या आणि सोबत कवितेतलं कोडं. तीन बाटल्यांत विष, दोनांत निरुपद्रवी वाइन, एक पुढे नेणारी, एक मागे नेणारी. खुणा चार : वाइनच्या प्रत्येक बाटलीला लागून डाव्या बाजूला विष आहे, दोन टोकांच्या बाटल्या एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत आणि त्यांतली एकही पुढे नेणारी नाही, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या बाटलीत विष नाही, डावीकडून दुसरी आणि उजवीकडून दुसरी यांत एकच द्रव आहे. हर्मायनी विचार करते आणि सांगते, सगळ्यात लहान बाटली पुढे नेईल, उजव्या टोकाची गोल बाटली मागे.

सिनेमात हा प्रसंगच नाही. बुद्धिबळाच्या डावानंतर हॅरी तिथूनच एकटा पुढे जातो.

आता मुलांना वहीत सात बाटल्या काढायला सांगा. सातवी मागे नेणारी, हे हर्मायनीने सांगितलंय. पहिलीत काय? पुढे नेणारं नाही, मागे नेणारी बाटली एकच. वाइनही नाही, कारण तिच्या डावीकडे विष लागतं आणि तिथे तर बाटलीच नाही. म्हणजे विष. दुसरी आणि सहावी सारख्या. दोन्हींत विष धरलं तर तीनही विषं संपली, आणि वाइनला विषाच्या शेजारी जागा उरते ती फक्त तिसरी. दोन बाटल्या तिथे मावत नाहीत. म्हणून दोन्हींत वाइन, आणि सहावीच्या डावीकडे, पाचवीत, विष. उरल्या तिसरी आणि चौथी. एकीत विष, एकीत पुढे नेणारा द्रव. आणि इथे गाडी अडते! लहान बाटली ओळीत कितवी आहे, ते पुस्तकात दिलेलंच नाही. हर्मायनीच्या डोळ्यांसमोर बाटल्या आहेत, आपल्या नाहीत.

पुस्तक डोळ्यांपुढे चित्र उभं करतं असं आपण म्हणत असतो. इथे चित्र अपुरं आहे, आणि ते अपुरं आहे हे ओळ न् ओळ नीट वाचल्याशिवाय कळतच नाही. माझ्या वर्गात गणितात हुशार आणि मराठीला नाक मुरडणाऱ्या दोघी तिघी याच पानावर पुस्तकाकडे वळल्या. शिवाय एक मुलगी जरा रागावून म्हणाली, 'म्हणजे सिनेमात हर्मायनीचा सगळ्यात भारी सीन कापला!' कापताना कोणाचं काय गेलं, हा प्रश्न मी विचारायच्या आधी तिने विचारला होता.

दुसरा तास एकाच क्रियाविशेषणावर होतो. चौथ्या पुस्तकात हॅरीचं नाव अग्निचषकातून अनपेक्षितपणे बाहेर पडतं आणि डम्बलडोर त्याला विचारतात, तूच टाकलंस का? पुस्तकात ते शांतपणे विचारतात. २००५ च्या सिनेमात मात्र डम्बलडोर धावत येतात आणि हॅरीला धरून जवळजवळ ओरडतात. जगभरच्या वाचकांनी यावरून इतकी थट्टा केलीय की काही विचारू नका. मुलांना दोन्ही प्रकारे तो संवाद म्हणायला लावा. मग विचारा : 'शांतपणे' हा एक शब्द काढला तर डम्बलडोर कोण होतात? व्याकरणाच्या पुस्तकातली 'तो हळू चालतो' ही उदाहरणं त्यानंतर मला कधी लागली नाहीत.

तिसऱ्या पुस्तकातल्या नकाशाचं असंच आहे. शाळेत कोण कुठे फिरतंय ते दाखवणारा तो जादूचा कागद सिनेमात भरपूर दिसतो. पण ज्या चार टोपणनावांनी तो बनवला ती माणसं कोण, हे सिनेमा सांगतच नाही. पुस्तकात त्याचं उत्तर म्हणजे निम्म्या गोष्टीची किल्ली आहे. हे उत्तर मी वर्गात कधीच देत नाही. किती विनवण्या झाल्या तरी नाही.

पीव्ह्‌ज नावाचं खोडकर भूत आठांपैकी एकाही सिनेमात नाही, हे माहीत असू द्या. वर्गात 'कोणी खरंच वाचलंय' हे ओळखायची ही सोपी युक्ती आहे.

आणि तो आरसा. आपल्या मनातली सर्वात खोल इच्छा दाखवणारा. त्याचं इंग्रजी नाव म्हणजे 'इच्छा' या अर्थाचा शब्द उलटा लिहिलेला. आपण मराठीत असं करून पाहिलं. 'इच्छा' उलटी करायला गेलो तर 'च्छाइ', उच्चारताच येईना. मग एकाने 'मनोरथ' सुचवलं. उलटं केलं तर 'थरनोम'! थरनोमचा आरसा. अगदी त्या शाळेतला वाटतो ना? अक्षर म्हणजे काय, काना-मात्रा अक्षरासोबतच का फिरते, जोडाक्षर का फोडता येत नाही, हे सगळं त्या वीस मिनिटांत झालं.

एक मुलगा आणि त्याची वही

आमच्याकडे सातवीत एक मुलगा होता. शब्दाखाली बोट ठेवून वाचायचा आणि वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जायचा. पहिला सिनेमा मात्र त्याला हिंदीत तोंडपाठ. मी प्रकरण वाचून दाखवत असताना तो मधेच म्हणायचा, 'बाई, सिनेमात असं नाहीये.' इतर मुलं वैतागायची. मी त्याला एक शंभरपानी वही दिली आणि फरकांची नोंद ठेवायचं काम दिलं. डाव्या पानावर पुस्तकात काय, उजव्या पानावर सिनेमात काय, आणि पुस्तकाचा पानक्रमांक हवाच. पानक्रमांक लिहायचा म्हणजे पान शोधावं लागतं, आणि पान शोधायला वाचावं लागतं. रोज दोन पानं. दिवाळीपर्यंत तो अकराव्या प्रकरणात होता. त्याचा वेग अजूनही कमीच आहे, बोट अजूनही ओळीखाली असतं, आणि मार्कांत काही फार फरक पडलेला नाही, हेही सांगायला हवं. पण पाणी प्यायला जाणं बंद झालं. वर्गात वाद झाला की आता सगळे त्याच्याकडे बघतात, कारण पानक्रमांक त्याच्याकडे असतो.

'पण हे सगळं खोटं आहे ना हो?'

पालकसभेत हा प्रश्न येतोच. जादू, चेटूक, उडत्या केरसुण्या. मूल आधीच मोबाइलमध्ये हरवलंय, त्यात ही आणखी एक पळवाट कशाला? प्रश्न चुकीचा नाही. टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात त्यांनी कैद्याची सुटका आणि सैनिकाचं पलायन यांत गल्लत करू नका असं बजावलं. पण मला यावर याहून नेमकं उत्तर एका कादंबरीतच मिळालं.

मिखाएल एंडे या जर्मन लेखकाची 'नेव्हरएंडिंग स्टोरी' १९७९ साली आली. आई गेलेला, वर्गातल्या मुलांच्या चेष्टेला कंटाळलेला एक जाडसर मुलगा, बास्टियन, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक पळवतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचत बसतो. मूळ पुस्तक दोन रंगांच्या शाईत छापलेलं आहे, खऱ्या जगासाठी लाल आणि कल्पनेच्या जगासाठी हिरवी. १९८४ साली त्यावर सिनेमा आला. तो पुस्तकाच्या साधारण मध्यापाशी संपतो : मुलगा कल्पनेचं जग वाचवतो, आणि सगळं छान. एंडे यांना हा सिनेमा इतका नापसंत होता की ते कोर्टात गेले, आणि खटला हरले.

सिनेमाने गाळलेल्या उरलेल्या अर्ध्या भागात काय आहे? बास्टियन पुस्तकाच्या आत जातो. तिथे तो मागेल ते घडतं. देखणेपण, ताकद, कीर्ती, सगळं. पण प्रत्येक इच्छेमागे त्याची खऱ्या जगातली एकेक आठवण पुसली जाते. शेवटी त्याला परतायचं असतं आणि परत जाण्यापुरतं जवळ काही उरलंय की नाही, हाच प्रश्न असतो. म्हणजे पालकांच्या मनातली नेमकी तीच भीती लेखकाने स्वतः घेतली आणि तिच्यावर अर्धी कादंबरी लिहिली. ती भीती सिनेमात नाही, पुस्तकात आहे. आपल्या मुलाने यातलं काय घ्यावं असं तुम्हाला वाटतं?

आणि पालकहो, तुम्ही १९९४ च्या आसपास शाळेत असाल तर रविवारी सकाळी दूरदर्शनवरची 'चंद्रकांता' आठवत असेल. 'यक्कू' म्हणणारा क्रूरसिंग घराघरांत नकलांना पुरला. देवकीनंदन खत्री यांची ती कादंबरी १८८८ सालची. ती वाचता यावी म्हणून कितीतरी लोकांनी त्या काळी हिंदी शिकून घेतली, असं हिंदी साहित्याचे इतिहासकार नोंदवतात. तिलिस्म आणि ऐयार यांच्यासाठी! व्याकरणासाठी नव्हे. मराठीतही अद्भुताची वाट जुनी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या गंभीर पंडितानेही 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला कमीपणा मानला नाही.

थोडं व्यवहाराचं

शाळेत अख्खा सिनेमा दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. घरी पाहिलेला पुरतो. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना पाहिलेल्यांकडून गोष्ट ऐकू द्या, सांगणाऱ्याचाही सराव होतो. पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तरी चालतात, एक तुमच्या हातात, एक वर्गात फिरती. पाचवं पुस्तक मालिकेतलं सगळ्यात जाड आहे आणि त्याचा सिनेमा सगळ्यात आखूड सिनेमांपैकी एक. तिथवर पोचलेली मुलं स्वतःच तक्रार करतात की 'खूप कापलंय'. तिथे आपल्याला काही करावं लागत नाही. मात्र पुस्तक संपल्यावर 'सारांश लिहा' असं सांगू नका. सारांश म्हणजे सिनेमा. तो त्यांना आधीच येत होता.

वाचून झाल्यावर काहींना आपल्या मातीतलं हवं असतं. ते जादूचं नसलं तरी तुलना करायची सवय तोवर लागलेली असते, म्हणून मी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' देते. पुस्तकातला बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी पोरगा. २०१७ च्या सिनेमातला अमेय वाघचा फेणे चांगला तरुण. वय का वाढवलं असेल, यावर आठवीच्या वर्गात एकदा तास संपून पुढचे सर दारात उभे राहिले तरी वाद थांबला नव्हता.

घरी काय करायचं, असं विचारणाऱ्या पालकांना मी एका आईचं सांगते. त्या डबे करून देतात, शाळा नववीत सुटलेली. संध्याकाळी त्या पोळ्या लाटत असताना मुलगी ओट्याशेजारी बसून मोठ्याने वाचायची. मध्यंतरी मुलगी चार दिवस मामाकडे लग्नाला गेली. परत आली आणि वाचायला बसली, तर पुढचं काय होणार हे आईच्या चेहऱ्यावर आधीच उमटत होतं. विचारल्यावर आधी नाहीच म्हणाल्या. मग मुलीने पुस्तक उघडून दाखवलं : तिने खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट साठ पानं पुढे सरकलेलं होतं, आणि पानावर कणकेचं बोट.